मणक्यांतील गादीची झीज आणि तिच्यावरील व्यायामोपचार

आपल्या व्यापारी बांधवांपैकी पन्नाशी ओलांडलेले कोणतेही चारजण एकत्र बसले, म्हणजे त्यांच्या बोलण्यात कंबरेचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. कोणास पेढीवरून उठताना चमक भरते, कोणाच्या पोटरीत मुंग्या येतात, कोणी कमरपट्टा आवळूनच दुकानाची कुलपे उघडतो. "मणक्यातील गादी सरकली", "मणक्यांत झीज झाली" हे शब्द तर रविवार पेठेत भावतावाइतके रोजचे झाले आहेत. हे दुखणे केवळ आपल्याच पेठेचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांस कंबरदुखी होती. यास्तव यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा धान्याच्या तेजीमंदीऐवजी हा विषय घेण्याचे आम्ही ठरविले.

आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून वडिलांच्या अडत दुकानावर बसलेले धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. तथापि स्वतःच्या कंबरेमुळे आणि आमच्या वखारीतील एका जुन्या हमालाच्या कंबरेमुळे गेली तीन वर्षे या विषयाशी आमचा निकटचा संबंध आला. या काळात डॉक्टरांस व फिजिओथेरपीच्या तज्ज्ञांस वारंवार विचारून आम्ही जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत. ज्याचा त्याचा उपचार त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा, हे सांगणे नलगे.

प्रथम या गादीची रचना पाहू. पाठीचा कणा हा एक अखंड दांडा नसून ३३ मणक्यांची माळ आहे. मानेत ७, छातीमागे १२ व कंबरेत ५ असे २४ मणके सुटे असतात. त्यांखालील ५ मणके एकमेकांस सांधून त्रिकास्थी होते व अखेरच्या ४ मणक्यांचे माकडहाड बनते. मानेतील पहिल्या दोन मणक्यांची जोडी सोडली, तर खालच्या प्रत्येक जोडीमध्ये एकेक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. अशा एकूण २३ गाद्या आहेत. गादीच्या बाहेरच्या अंगास चिवट तंतूंची वलये एकावर एक गुंडाळलेली असतात. एका वलयातील तंतू एका बाजूस तिरपे, तर पुढच्या वलयातील उलट बाजूस तिरपे. बारदानाची वीण ज्याने निरखून पाहिली आहे त्यास या रचनेचे बळ कळेल. या वलयांच्या आत पाण्याने फुगलेला मऊ लगद्यासारखा गाभा असतो. लहानपणी या गाभ्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. उतारवयात ते ७० टक्क्यांच्या आसपास येते. गाभा सुकत जातो, गादीची उंची कमी होते, बाहेरच्या वलयांस बारीक चिरा पडतात. यास झीज म्हणावयाचे. चिरेतून गाभ्याचा भाग बाहेर येऊन शेजारच्या मज्जातंतूस लागला, म्हणजे कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. तिचे नाव सायटिका. कंबरेतील चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी आणि पाचव्या मणक्याखालील गादी, या दोन गाद्यांतच असे बहुतेक प्रकार घडतात.

आता एक गोष्ट बांधवांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण सर्व व्यायामोपचाराचे मर्म तीत आहे. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतील भागात रक्तवाहिन्या नसतात. वरच्या व खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागांतून जे पोषण पाझरून येईल तेवढ्यावरच ती जगते. दिवसभर उभे राहून व बसून गादी दाबली जाते आणि तिच्यातील थोडे पाणी बाहेर पडते. रात्री आडवे झाल्यावर ती पुन्हा पाणी शोषून घेते. यामुळेच सकाळी माणूस रात्रीपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर उंच भरतो. हा फरक खरा आहे, आणि ज्यास पाहावयाचा असेल त्याने भिंतीशी उभे राहून खूण करून पाहावी. दाब पडणे व दाब सुटणे या आळीपाळीवर गादीचे पोषण चालते. तास न् तास एकाच आसनावर बसणे तिला मानवत नाही, आणि महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहणे त्याहूनही मानवत नाही.

हा मुद्दा आम्हांस पुस्तकातून नव्हे, तर आमच्या हमालाच्या प्रकरणातून उमगला. हा गृहस्थ आमच्या वखारीत बावीस वर्षे काम करीत होता. वय अठ्ठेचाळीस, घरी दोन मुली शिकत असलेल्या, आणि हातावरचे पोट. एके दिवशी पोत्यांची थप्पी लावताना त्याच्या कंबरेत कळ आली व ती डाव्या पोटरीतून अंगठ्यापर्यंत उतरली. चित्र काढले, त्यात तीन गाद्यांची झीज व एका गादीचा फुगवटा दिसला. ज्या ठिकाणी तो प्रथम गेला तेथे त्यास सांगण्यात आले की, तुझा कणा कुजू लागला आहे, दोन महिने पाठीवर पडून राहा आणि पुढे जन्मात पोते उचलू नको. तो पेढीवर आला आणि उभ्यानेच म्हणाला, "सावकार, टोळीतनं माझं नाव काढा. कणा कुजलाय म्हणतात." बावीस वर्षांत त्याने आमच्याकडे एका वाक्यात इतके कधी मागितले नव्हते.

कणा कुजतो हे शास्त्रास धरून नाही. आम्ही त्यास दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चित्र पाहून सांगितले की, अशी झीज ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा लोकांतही आढळते. पुढे आम्ही या म्हणण्याचा आधार विचारला, तेव्हा कळले ते असे. २०१५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी निरनिराळे ३३ अभ्यास एकत्र करून, कंबरदुखी नसलेल्या ३,११० माणसांच्या चित्रांचा ताळा घेतला. त्यात विशीतील ३७ टक्के, पन्नाशीतील ८० टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के माणसांत गादीची झीज दिसली. म्हणजे झीज ही केसांच्या पांढरेपणासारखी वयाची खूण आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर तो घसारा आहे. आणि घसारा लिहिला म्हणून काटा तोलावयाचा थांबत नाही. तथापि वेदना खोटी असते असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. झीज आणि वेदना यांचा संबंध चित्रावरून ठरत नाही, तर माणसास तपासून ठरतो, एवढेच.

ओझ्यानेच गादी झिजते, हाही समज पूर्ण खरा नाही. फिनलंडमधील जुळ्या भावांच्या कण्यांचा अभ्यास १९९१ सालापासून झाला. एक भाऊ जड कामाचा व दुसरा बैठ्या कामाचा अशा जोड्या पाहिल्या गेल्या, आणि झिजेत कामाच्या ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा पुष्कळ मोठा आढळला. मऊ गादीवर लोडास टेकून जन्म काढलेल्या शेठजींस आणि त्यांच्या हमालास एकच दुखणे का होते, याचे उत्तर यात आहे. धूम्रपानही झिजेस साहाय्य करते असे दिसून आले आहे.

अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला आजही पुष्कळ घरी वडीलधारी मंडळी प्रेमाने देतात. पूर्वी डॉक्टरही देत असत. परंतु १९८६ साली अमेरिकेत दोन दिवस विश्रांती व सात दिवस विश्रांती यांची तुलना झाली. सात दिवस पडून राहिलेल्यांस अधिक लाभ झाला नाही, उलट त्यांचे कामाचे दिवस अधिक बुडाले. १९९५ साली हेलसिंकी येथील प्रयोगात, सोसेल तितकी नित्याची कामे चालू ठेवणारे लोक, अंथरुणावर पडणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. त्याच प्रयोगात दुखणे नवे असताना घाईने व्यायाम केलेले लोकही नित्याची कामे करणाऱ्यांच्या मागेच राहिले, हे विसरू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत बेताने हालचाल ठेवावी, आडवे होणे भाग पडल्यास तेवढ्यापुरते व्हावे, आणि व्यायाम शिकून मगच करावा.

फिजिओथेरपी म्हणजे विजेचा शेक, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः हे हालचालींचे शास्त्र आहे. आपल्या देशात त्याचे रीतसर शिक्षण १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांस हातपाय परत मिळवून देणे ही त्या काळची मोठी निकड होती. आज आपल्या बेळगावातही के.एल.ई.ची फिजिओथेरपीची शिक्षणसंस्था आहे, आणि २०२१ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या नोंदणीचीही तरतूद केली आहे. तेव्हा पदवी पाहूनच तज्ज्ञ निवडावा. हाडे बसवून देणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन कंबरेस धक्के देववून घेणे हा व्यवहार शहाण्या व्यापाऱ्यास शोभत नाही.

चांगला तज्ज्ञ प्रथम यंत्रास हात लावीत नाही, तो रोग्यास तपासतो. कळ केव्हा येते, बसल्याने वाढते की चालल्याने, खोकताना पायात जाते काय, सकाळी अधिक की सायंकाळी, हे सर्व विचारतो. मग उताणे निजवून पाय सरळ ठेवून वर उचलतो. मज्जातंतू दाबला गेला असल्यास पाय थोडा वर जाताच पायातून कळ निघते. टाचांवर चालावयास लावतो, चवड्यांवर चालावयास लावतो, पायाचा अंगठा वर ओढावयास सांगून त्याची ताकद बोटाने अजमावतो. आमच्या हमालाचा डावा अंगठा उजव्यापेक्षा दुर्बळ निघाला. यावरून कोणता मज्जातंतू दाबला आहे याचा अंदाज आला व तो चित्राशी जुळला. यानंतर त्यास दहा वेळा पुढे वाकावयास लावले, तो पोटरीतील कळ वाढली. पालथे निजवून दहा वेळा छाती वर उचलावयास लावली, तो कळ पोटरीतून मांडीपर्यंत वर आली.

कळेचे हे सरकणे उपचाराची दिशा दाखविते. याचा शोध कसा लागला ती कथा मोठी मनोरंजक आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरी रॉबिन मॅकेंझी नावाचे तज्ज्ञ होते. त्यांच्याकडे कंबर व पाय दुखणारा एक रोगी येत असे. एके दिवशी त्यास खोलीत जाऊन पालथे पडावयास सांगण्यात आले. आधीच्या रोग्यासाठी टेबलाचे डोक्याकडील टोक उंच करून ठेवलेले होते, ते तसेच राहिले होते. हा बिचारा त्या चढावर, कंबर मागे मोडलेल्या स्थितीत, पडून राहिला. काही मिनिटांनी मॅकेंझी आत येऊन पाहतात तो रोगी म्हणतो, पायाची कळ गेली. १९३७ सालापासून अमेरिकेतील विल्यम्स नामक डॉक्टरांचे पुढे वाकण्याचे व्यायाम प्रचारात होते, त्यामुळे कंबर मागे वाकवून कोणास आराम पडेल असे फारसे कोणास वाटत नव्हते. मॅकेंझींनी पुढे वर्षानुवर्षे निरीक्षण करून आपली पद्धत बसविली. पायातील कळ वर वर सरकत कंबरेशी आली तर, कंबर तात्पुरती अधिक दुखली तरीही, व्यायाम योग्य दिशेचा समजावा. कळ खाली पायाकडे उतरू लागली तर तो व्यायाम तत्काळ थांबवावा. आमच्या मते या लेखातील दुसरे काही स्मरणात राहिले नाही तरी चालेल, एवढे मात्र राहावे.

हमालास प्रथम नुसते पालथे निजणे दिले, दोन-तीन मिनिटे. मग कोपरांवर भार देऊन छाती उचलणे. मग कंबर व पाय सैल ठेवून हातांच्या बळावर छाती वर ढकलणे. पाहणाऱ्यास ते भुजंगासनासारखे दिसते, पण त्यात पाठीचे स्नायू ताणावयाचे नसतात, बळ हातांचे लावावयाचे असते. एका वेळी दहा आवर्तने, आणि दिवसातून पाच-सहा वेळा. सकाळी उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणे वर्ज्य. कारण रात्री पाणी पिऊन गादी फुगलेली असते व त्या वेळी वाकल्यास तिच्यावर ताण अधिक पडतो. तोंड धुतानादेखील गुडघ्यांत वाकावयाचे. दोन आठवड्यांत कळ गुडघ्याच्या वर आली, चौथ्या आठवड्यात ती ढुंगणापाशी थांबली. त्यानंतर बळ वाढविण्याचे व्यायाम सुरू झाले. उताणे निजून गुडघे दुमडून कंबर उचलणे, म्हणजे आपले सेतुबंधासन. हातागुडघ्यांवर राहून एक हात पुढे व उलट बाजूचा पाय मागे लांब करणे व पाठ पाटासारखी सपाट ठेवणे; हा व्यायाम दिसतो सोपा, पण पोते उचलणारा तो धिप्पाड माणूस पहिल्या दिवशी त्यात थरथर कापत होता. शेवटी काठी पाठीशी धरून, पाठ न वाकविता, खुब्यांतून वाकण्याचा सराव. याखेरीज रोज चालणे. सहाव्या आठवड्यात तो पोत्यांची तोंडे शिवण्यास व काट्याशी बसण्याउठण्याच्या कामास आला. तीन महिने पुरे झाल्यावर अर्ध्या पोत्यापासून उचलण्याचा आरंभ झाला. अंगठ्याची ताकद सर्वांत शेवटी भरून आली.

आमच्या स्वतःच्या कंबरेचा प्रकार याहून अगदी निराळा निघाला. आम्हांस बसून काही होत नसे. दोनशे पावले चाललो की दोन्ही पाय जड होत व मुंग्या येत, आणि कोठे तरी बसलो अथवा कठड्यावर पुढे ओणवलो की आराम पडे. गाद्यांची उंची घटून व सांधे जाड होऊन मज्जातंतूंची वाट अरुंद झाली म्हणजे असे होते. अशा माणसास भाजीची हातगाडी ढकलणे सुसह्य वाटते आणि ताठ चालणे असह्य. आम्हांस तज्ज्ञांनी उताणे निजून गुडघे छातीशी घेणे, पोटाचे स्नायू आवळून कंबर जमिनीस टेकविणे, आणि जागेवरची सायकल सांगितली. हमालाचा व्यायाम आम्ही केला असता तर पाय अधिक जड झाले असते, आणि आमचा त्याने केला असता तर त्याची कळ पुन्हा पोटरीत उतरली असती. एकाने दुसऱ्यास मोबाईलवर व्यायामाची चित्रे धाडण्याची जी रीत हल्ली पडली आहे, ती या दृष्टीने धोक्याची आहे. सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम होय, परंतु पायात कळ असताना नव्हे.

यंत्रांविषयी दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात रोग्यास नीट समजावून सांगणे, व्यायाम, मर्दन अशा गोष्टींस अनुकूल मत आहे. कमरपट्टे, वजने लावून कंबर ताणणे, ध्वनिलहरींचे यंत्र, त्वचेवरून विजेचे झटके देणे, या गोष्टी सर्रास वापरू नयेत असे म्हटले आहे. अफूजन्य वेदनाशामकांपासूनही दूर राहावयास सांगितले आहे. शेकाने स्नायू सैल होतात व घटकाभर बरे वाटते, म्हणून व्यायामापूर्वी घरच्या गरम पाण्याच्या पिशवीने शेकण्यास आमची हरकत नाही. परंतु यंत्राखाली पडून राहण्याच्या दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरणारे आणि व्यायाम मात्र तिसऱ्या दिवशी सोडणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. नमुना पाहून रोख मोजणारे हेच लोक येथे नमुनाही पाहत नाहीत.

चालण्याचे महत्त्व तर अलीकडे नव्याने सिद्ध झाले आहे. ऑस्ट्रेलियात, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांवर प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांस फिजिओथेरपी तज्ज्ञांनी हळूहळू वाढत जाणारे चालणे व दुखण्याची माहिती दिली, त्यांस दुखणे उलटण्यास साधारणपणे २०८ दिवस लागले. ज्यांस काहीच दिले नव्हते त्यांस ११२ दिवस. दुखणे कायमचे जाते असे येथे कोणी म्हणत नाही. ते उलटते, पण चालणाऱ्याचे उशिरा उलटते.

शस्त्रक्रियेचा प्रश्न नाजूक आहे, आणि घरोघरी त्यावरून वाद होतात. सरकलेल्या गाभ्याचा भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेते, हे प्रथम जाणावे. २००७ साली हॉलंडमध्ये, दीड ते तीन महिने सायटिका असलेल्या २८३ रोग्यांची तुलना झाली. काहींवर लवकर शस्त्रक्रिया केली, काहींस औषधे व व्यायाम देऊन थांबविले. शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेर दोन्ही बाजूंचे ९५ टक्के रोगी बरे होते. थांबविलेल्यांपैकी ३९ टक्क्यांस मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या झिजेपायी मणके स्क्रूने जखडण्याची जी मोठी शस्त्रक्रिया असते, तिची नॉर्वेत २००३ साली व्यायाम व समजावणी यांच्याशी तुलना झाली, तेव्हा वर्षानंतर दोहोंत फरक आढळला नाही. रोगी अवघे ६४ होते, म्हणून यावर अखेरचा निकाल देता येत नाही; तथापि घर गहाण टाकून शस्त्रक्रियेस जाण्यापूर्वी तीन महिने प्रामाणिकपणे व्यायाम करून पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण काही प्रसंगी थांबणे हेच घातक. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा गेला, मांड्यांच्या आतील बाजूस व बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायाची शक्ती झपाट्याने जाऊ लागली, तर त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये. काही तासांच्या उशिराने जन्माचे अधूपण येऊ शकते. कंबरदुखीबरोबर ताप असणे, वजन विनाकारण उतरणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर म्हातारपणी कळ सुरू होणे, रात्री निजूनही वेदना न थांबणे, या स्थितीत आधी डॉक्टर व मग व्यायाम. स्त्रियांनी लघवीची तक्रार संकोचाने लपवू नये, आणि घरच्या मंडळींनी ती विचारून घ्यावी.

आपल्या बैठकीविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. गेल्या शतकात, सातव्या दशकात, स्वीडनमधील नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला. १९९९ साली जर्मनीत नव्या साधनांनी एका स्वयंसेवकावर पुन्हा तशी मोजणी झाली. आडवे निजले असता जो दाब, तो १ धरला, तर सैल उभे राहिल्यास तो ५, बसून पुढे ओणवल्यास ८, आणि पाठ वाकवून २० किलोचे वजन उचलल्यास २३ भरला. तेच वजन गुडघे वाकवून उचलता १७, आणि अंगाशी धरून ठेवता ११. मांडी घालून खाली बसले की बहुतेकांची कंबर मागे ढळते व पाठीस पोक येते. म्हणून ढुंगणाखाली चार-पाच इंच उंचीची घडी घ्यावी, म्हणजे पाठ आपोआप सरळ होते. सामायिकास बसणाऱ्या वृद्ध मंडळींनी अशी घडी घेण्यात किंवा खुर्चीवर बसण्यात कमीपणा मानू नये. खुर्चीत बसणाऱ्यांनी कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी. जी.एस.टी.ची पत्रके भरताना दोन-दोन तास न उठणाऱ्या आपल्या मुलांस दर अर्ध्या तासाने उठविण्याचे काम वडिलांनी करावे; निदान त्या निमित्ताने वडीलही उठतील. चोरला घाटातून गोव्यास माल नेणाऱ्यांनी वाटेत दोनदा उतरून कंबर मागे वाकवावी.

आता हमालांविषयी. आमच्या तरुणपणी क्विंटलचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारे हमाल आम्ही पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली की, एका प्रौढ पुरुषावर ५५ किलोहून अधिक ओझे पडत असेल तर ते लवकरात लवकर त्या मर्यादेत आणावे. त्याच वर्षीच्या कमाल ओझ्याच्या करारास भारताने २०१० साली मान्यता दिली. हल्ली ५० किलोचे पोते रूढ झाले हे बरे झाले. परंतु वजन उतरले तरी जमिनीवरून पोते उचलण्याची रीत तशीच आहे, आणि गादीस जाचते ते विशेषतः तेच. पोते कंबरेच्या उंचीवरून पाठीवर घेतले, तर वाकणे वाचते.

आमच्या वखारीत आम्ही तीन फूट उंचीचा एक लाकडी माच करविला आहे. काट्यावरून पोते दोघांनी मिळून माचावर ठेवावयाचे आणि तेथून एकाने पाठीवर घ्यावयाचे. थप्पीचा शेवटचा थर दोघांवाचून कोणी रचावयाचा नाही. प्रारंभी टोळीने कुरकुर केली, कारण काम नगावर असते व वेळ अधिक लागतो. तेव्हा हमालीचा दर पोत्यामागे थोडा वाढवून दिला. तो जुना हमाल आज टोळीत आहे. दिवसाकाठी पूर्वीच्या निम्मी पोती वाहतो, उरलेला वेळ काट्याशी असतो, आणि दुपारी बारदानाच्या गठ्ठ्यावर पालथे पडून दहा वेळा छाती उचलतो. नव्या पोरांस ते पाहून हसू येते.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमची सूचना अशी आहे की, यार्डातील प्रत्येक सभासदाच्या वखारीत असा एक माच असावा, सुगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी फिजिओथेरपी तज्ज्ञास एक दिवस बोलावून सर्व टोळ्यांची व ज्यांस इच्छा असेल त्या सभासदांची तपासणी करवावी, आणि ज्या हमालास व्यायामोपचार सांगितले जातील त्याची पहिल्या सहा आठवड्यांची अर्धी मजुरी मंडळाच्या कल्याण निधीतून द्यावी. येत्या वार्षिक सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. माचाचे माप व सुताराचा खर्च ज्यांस हवा असेल त्यांनी दुकानी येऊन पाहून जावे.